ऐकू येते, पण कळत नाही

ऑगस्टमधील एका सोमवारी साताऱ्यातील माझ्या श्रवणतपासणी केंद्रात तिघे जण आले : ७४ वर्षांचे निवृत्त गणित शिक्षक, त्यांचा मुलगा आणि १९ वर्षांचा नातू. मुलाने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले की बाबांचे कान तसे ठीक आहेत, शेजारच्या खोलीत वाजलेला फोन त्यांना ऐकू येतो, बातम्याही कळतात. मात्र नातू काही बोलला की ते भलतेच उत्तर देतात, तेव्हा ही विसरभोळेपणाच्या आजाराची सुरुवात तर नाही ना, हे त्याला जाणून घ्यायचे होते. गुरुजींचे म्हणणे वेगळे होते. "बाई, मला ऐकू येतं, पण कळत नाही. ह्या मुलांची भाषाच मराठी राहिलेली नाही." नातू म्हणाला, "मी नॉर्मलच बोलतो."

"ऐकू येतं, पण कळत नाही" हे वाक्य २२ वर्षांच्या कामात मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कानावर पडताच ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, कसा असेल याचा अंदाज मी बांधते, आणि बहुधा तो खरा ठरतो. या वेळीही ठरला. ५०० हर्ट्झला, म्हणजे खालच्या पट्टीत, गुरुजींना २५ डेसिबलचा हलका आवाजही ऐकू येत होता, म्हणजे जवळजवळ व्यवस्थितच. पण ४००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीत दोन्ही कानांत तीच पातळी ६५ डेसिबलवर गेली होती. वयपरत्वे येणारा श्रवणदोष असाच वरच्या पट्टीतून सुरू होतो. आपल्या बोलण्यातल्या स्वरांचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे माणसाला स्पष्ट ऐकू येते. शब्दाला शब्दपण देणारी स, श, फ, त, क यांसारखी व्यंजने मात्र क्षीण असतात, त्यातही 'स'चा बराचसा भाग ४००० हर्ट्झच्या वरच असतो. 'साठ'मधला 'स' गळला की उरतो तो 'आठ'. गुरुजी पंधरा दिवसांपूर्वी नातवाने सांगितलेल्या सातच्या गाडीसाठी आठला निघाले होते, आणि त्यावरून घरात मोठे बोलणे झाले होते.

अशा माणसाशी मोठ्याने बोलून उपयोग होत नाही, हे मला प्रत्येक कुटुंबाला समजावून सांगावे लागते. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने तिथेच राहतात. शिवाय या प्रकारच्या दोषात जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि त्रासदायक आवाज यांतले अंतरही कमी झालेले असते. म्हणून आधी "जरा मोठ्याने बोल" म्हणणारे आजोबा दुसऱ्याच क्षणी "ओरडतोस कशाला?" म्हणतात, आणि घरचे त्याला हेकटपणा समजतात. त्यात नातू भरभर बोलतो, तेही मोबाइलकडे बघत. ओठ दिसले असते तर जे भरून निघाले असते, तेही हातचे जाते.

श्रवणयंत्राचे माप घेऊन मी त्यांना पाठवून देणार होते, कारण माझ्या दृष्टीने उत्तर मिळाले होते. पण "भाषाच राहिलेली नाही" हे गुरुजी इतक्या कळवळ्याने म्हणाले होते की ते तपासल्याशिवाय सोडून द्यावे असे मला वाटले नाही. मी नातवाला आठवड्याभरात घरात बोललेली दहा वाक्ये कागदावर लिहायला सांगितली. ती त्याने आधी तोंडापुढे कागद धरून, त्याच्या नेहमीच्या गतीने वाचली : गुरुजींना दोन कळली. मग समोर बसून, सावकाश : सहा कळली. शेवटी मी कागदच त्यांच्या हातात दिला. तरीही तीन अडली. ही तीन कानांची नव्हती.

त्यांतले एक वाक्य होते, "कालची मॅच म्हणजे विषय हार्ड." गुरुजी त्यावर बोट ठेवून बराच वेळ थांबले. मग नातवाला म्हणाले, "हे तू सारखं म्हणतोस. अरे, कोणता विषय? मी दोन महिने विचारतोय." विषय हार्ड म्हणजे अवघड गेलेला विषय, असाच अर्थ त्यांनी लावला होता. मुलगा अभ्यासात मागे पडतो आहे आणि सांगायला संकोचतो आहे, अशा समजुतीने त्यांनी माळ्यावरून कलनाची पुस्तके काढून ठेवली होती. जेवताना मध्येच "मी घेऊ का शिकवणी?" असे ते विचारत, आणि हाच प्रश्न घरच्यांना असंबद्ध वाटून मुलाच्या मनात आजाराची शंका आली होती. नातवाने हळू आवाजात सांगितले, "आजोबा, विषय हार्ड म्हणजे जबरदस्त. एकदम भारी." मुलगा खिडकीकडे बघू लागला.

त्यानंतर गुरुजींनी जे केले त्याची मला अपेक्षा नव्हती. त्यांनी कागदाच्या मागे पाच शब्द लिहिले आणि नातवाला अर्थ विचारला. पाऊण आणि अडीच त्याला आले. पावणेदोनशे, एकोणसत्तर आणि एकोणनव्वद या तिन्हींवर तो अडला. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या कितीतरी मुलांचे असे होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' आले तेव्हा केवढे वादळ उठले होते. गुरुजींचा त्याला तेव्हा कडवा विरोध होता, असे त्यांनीच सांगितले. आता मात्र ते नातवाकडे बघून एवढेच म्हणाले, "म्हणजे मी हिशेब सांगतो तेव्हा तुलाही कळत नाही. मग विचारत का नाहीस?" "तुम्ही चिडाल म्हणून," तो म्हणाला.

स्मृतीची शंका मुलाच्या मनात राहू नये म्हणून मी त्यांना त्या विषयाच्या डॉक्टरांकडे जाण्याचाही सल्ला दिला. कारण ऐकू न येणे आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे. २०२० च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोग्या बारा धोक्यांमध्ये श्रवणदोषाचा समावेश केला आहे. तिथल्या चाचण्या व्यवस्थित आल्याचे त्यांनी नंतर कळवले.

तीन आठवड्यांनी दोन्ही कानांची यंत्रे जुळवून घ्यायला गुरुजी नातवाबरोबर आले. भांड्यांचा आवाज टोचतो, ही त्यांची तक्रार होती. सुरुवातीला ती असतेच. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून "साठ" म्हणाले. "साठ," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच, चव घेतल्यासारखे, "साठ. आठ. सात."

तो कागद त्यांच्या खिशात होता. अडलेल्या तीन वाक्यांपुढे नातवाने अर्थ लिहिले होते, आणि त्या अर्थांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका गुरुजींनी लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या.