काटा जागेवर, हिशोब क्लाउडवर: आमची वाटचाल

जळगावात आम्ही सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं तेव्हा पहिला ग्राहक होता एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. मागणी एवढीच होती की गाडी काट्यावर आली की वजन, भाव, हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याच्या हातात पावती पडावी. व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेला तो प्रोग्रॅम पुढे पारोळा, धरणगाव, शिरपूर, शहादा असा पसरत गेला. मग डाळ मिल आल्या, सावद्याचे केळीचे व्यापारी आले. खानदेशातल्या मुनीमांनी तो प्रोग्रॅम आपलासा केला. त्याच विश्वासावर आमचं घर उभं आहे.

क्लाउडचा, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटा इंटरनेटवरून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवण्याचा विचार आम्ही हौसेने केला नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि त्याच वर्षी 15 नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर खरेदीदारानेच कर भरायचा नियम लागला, तोही ऐन हंगामात. 2018 ला माल वाहतुकीचं ई-वे बिल आलं. ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींच्या उलाढालीवर आली आणि आमचे मध्यम ग्राहकही तिच्यात आले. प्रत्येक बदलाला आमची पोरं पेन ड्राइव्ह घेऊन गावोगाव फिरायची. शहाद्याला एक आवृत्ती, चोपड्याला दुसरी. शिवाय फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2015 मध्येच थांबवलेला आणि त्याची फाइल 2 जीबीच्या पुढे वाढत नाही. त्यात जिनिंगच्या ऑफिसातला संगणक म्हणजे मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन, वर उडणारी रुई आणि जाणारी-येणारी वीज. हार्ड डिस्क गेली की हंगामाचा हिशोबच गेला.

आराखडा करायला बसलो तेव्हा ठरवलं की आधी तंत्रज्ञान निवडायचं नाही. आधी यादी करायची: प्रोग्रॅमचा कोणता भाग कोण वापरतो, कधी वापरतो आणि तो बंद पडला तर किती वेळ चालेल. त्यासाठी मुनीमांच्या शेजारी बसलो. कितीतरी रिपोर्ट असे निघाले की जे कुणी उघडतच नव्हतं. ते सरळ काढून टाकले. खातेवही बहुतेकांची टॅलीत होतीच, मग आपली खातेवही पुन्हा लिहिण्यात अर्थ नव्हता. तिच्याऐवजी टॅलीत नोंदी पाठवणारा जोड तयार केला. मजुरांच्या हजेरी-पगाराचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलून क्लाउडवरच्या विंडोज मशीनवर ठेवला. नव्याने लिहायचं ते फक्त खरेदी, गाठींचा साठा आणि विक्री. क्लाउडच्या धंद्यात याला रिटायर (काढून टाकणं), रिपर्चेस (तयार सॉफ्टवेअर घेणं), रिहोस्ट (जसंच्या तसं हलवणं), रिफॅक्टर (नव्याने लिहिणं) अशी नावं आहेत. आम्हाला ती नंतर कळली, पण यादी झाल्यावर विभागणी आपोआप तशीच पडली.

उरला काटा. पारोळ्याच्या एका मुनीमांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "इंटरनेट गयं ते काटा बंद पडी का भाऊ?" सगळ्या आराखड्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना पावती थांबून चालत नाही. म्हणून काटा आम्ही क्लाउडवर नेलाच नाही. काट्याचं वजन सिरियल पोर्टच्या केबलने वाचणारा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती काढणारा छोटा प्रोग्रॅम तिथेच ठेवला. तो नोंद आधी स्वतःकडे लिहितो आणि नेट आलं की वर पाठवतो. प्रत्येक काट्याला वेगळं अक्षर दिलं, म्हणजे दोन काट्यांचे पावती क्रमांक भिडत नाहीत. तीच पावती दोनदा पोहोचली तरी एकदाच धरली जाते. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आमचा सर्वाधिक विचार इथेच खर्च झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

दुसरं अवघड काम मराठी नावांचं. जुना डेटा जुन्या फाँटमध्ये होता. त्यात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'शिरपूर'मधली पहिली वेलांटी 'श'च्या आधी, 'धर्मा'तला रफार 'मा'च्या नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या सर्वमान्य पद्धतीत, क्रम उच्चाराचा. त्यामुळे प्रत्येक शब्दाची अक्षरं जागा बदलून बसवावी लागतात, आणि जोडाक्षरांवर कोणताही कन्व्हर्टर अडतो. पैसे शेतकऱ्याच्या बँक खात्यात जातात, तिथे नाव चुकून चालत नाही. म्हणून गावांची नावं गावांच्या यादीशी जुळवली आणि माणसांची नावं मुनीमांनी डोळ्यांखालून घातली. या कामाला घाई नको, असं माझं ठाम मत आहे.

खर्चाचंही बोलतो. मुंबईतच डेटा सेंटर आहेत, त्यामुळे वेगाची अडचण नाही. जिनिंगचा जोर ऑक्टोबर ते मार्च. स्वतःचा सर्व्हर घेतला तर बारा महिन्यांचे पैसे गुंततात, क्लाउडवर उन्हाळ्यात मशीन लहान करता येते. मात्र ती लहान करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी, नाहीतर बिल चालूच राहतं. डेटाबेस आम्ही तयार सेवेचा, म्हणजे क्लाउड कंपनीच सांभाळते असा घेतला. थोडा महाग पडतो, पण रोजचा बॅकअप कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. कुबरनेटिससारखा, म्हणजे अनेक मशीनवर प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचा मोठा डोलारा आमच्याएवढ्या फर्मने घेऊ नये. शेटजींना धास्ती होती ती आपले भाव आणि गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या मशीनवर जाण्याची. त्यांची धास्ती रास्तच होती. म्हणून प्रत्येक ग्राहकाचा डेटाबेस वेगळा ठेवला आणि दर महिन्याची प्रत त्यांच्या हाती देतो.

वेळापत्रक मात्र कापसानेच ठरवलं. आमच्याकडे काही जिनिंग गणेश चतुर्थीला खरेदीचा मुहूर्त करतात. त्याच्या आधी सगळं बसलं पाहिजे आणि दसऱ्यापासून मार्चपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. जून-जुलैमध्ये गिरण्या शांत असताना चाचणी. आधी एक लहान जिनिंग, तिचा एक हंगाम पूर्ण झाल्यावरच बाकीच्या.

आता पाळी केळीची आहे. रावेर-यावलकडे माल वर्षभर निघतो, म्हणजे कापसासारखा रिकामा काळ नाही. सौदा बांधावर होतो, तिथे संगणक नसतो, फोन असतो. म्हणून तिथे एकदम बदल करणार नाही. सावद्याच्या एका व्यापाऱ्याकडे सुरुवातीला फक्त गाडी भरतीच्या पावत्या फोनवरून निघतील. शेतकऱ्यांची उचल आणि येणं-देणं जुन्याच प्रोग्रॅममध्ये राहील. दोन्हीकडची बेरीज रोज रात्री जुळवून पाहू आणि ती जुळत राहिली की पुढचा भाग हलवू.