पाचशे किलो म्हणजे पाचशे लिटर नव्हे

एप्रिलची दुपार. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये एका डेअरीचा ५० मिमीचा मॅगमीटर, म्हणजे पाईपमधून किती द्रव गेला ते मोजणारा मीटर, तपासणीच्या बेंचवर चढवला होता. गावोगावच्या बल्क कूलरवरून येणारं टँकरचं दूध तो मोजायचा. तो चुकला की दूध संस्थांचा हिशेब चुकला. मीटर बरोबर मोजतो का हे ताडून बघणं म्हणजे कॅलिब्रेशन; एकट्यानं करायचं माझं हे पहिलंच.

लाईनमधली हवा जाईस्तोवर पाणी फिरवलं. काचेत एकही बुडबुडा दिसेना, तेव्हा ताशी १० घनमीटरला प्रवाह स्थिर केला. प्रवाहाची दिशा बदलणारा डायव्हर्टर काट्यावरच्या टाकीकडे वळवला, तीन मिनिटांनी परत फिरवला. काट्यावर ५००.० किलो, मीटरवर ५०३.१ लिटर. पाच वेळा घेतलं, मीटर दरवेळी ०.६२ टक्क्याच्या आसपास जास्तच. मी मीटरचा फॅक्टर, म्हणजे रीडिंगला गुणायचा आकडा, कमी करायला बसलो.

शेजारच्या बेंचवरून मामा म्हणाले, "पाणी किती तापलंय ते बघितलंस काय?"

३० अंश. तिथंच डोक्यात प्रकाश पडला. ३० अंशाला लिटरभर पाण्याचं वजन ९९५.६५ ग्रॅम भरतं, पुरतं किलोभर नाही. शिवाय हवा पाण्याला किंचित उचलून धरते, म्हणून काटाही सुमारे ०.१ टक्का कमी दाखवतो. दोन्ही दुरुस्त्या केल्यावर ५०० किलोचे ५०२.६७ लिटर झाले. मीटरची चूक उरली ०.०९ टक्के. फॅक्टर बदलला असता तर दहा हजार लिटरमागे पन्नासेक लिटर दूध कमी मोजलं गेलं असतं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

मग अनिश्चितता, म्हणजे आमचं मोजमाप स्वतःच किती इकडेतिकडे असू शकतं ते. मीटरचं जुनं सर्टिफिकेट दुसरीकडचं होतं, त्यावर नुसतं 'ओके'. असं सर्टिफिकेट कुणी देऊच नये. पाच रीडिंगमधल्या फरकाचे ०.०३ टक्के, काट्याचे ०.०२, थर्मामीटरचा ०.०१. डायव्हर्टरची वेळ एक दशांश सेकंद इकडेतिकडे झाली तर १८० सेकंदांत ०.०६, ते ३ च्या वर्गमूळानं भागून ०.०३५. सगळ्यात मोठा वाटा त्याचाच, हे मला कागदावर मांडेपर्यंत कळलं नव्हतं. वर्गांची बेरीज, वर्गमूळ, दुप्पट: ±०.१० टक्के, ९५ टक्के खात्रीनं.

डेअरीचे साहेब मीटर न्यायला आले. "चुकीपेक्षा हा आकडा मोठा कसा?" मी म्हटलं, "साहेब, चूक शून्य असेल तरी आमच्या बेंचला ते ओळखता येणार नाही, म्हणून फॅक्टरला हात लावला नाही." त्यांनी सर्टिफिकेट पुन्हा एकदा वाचलं, सही केली आणि मीटर गाडीत ठेवला.