क्यूवालं नाईक

माझ्या भावाला, बाबूला, वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिता येतं. मी सातवीत असताना शिकवलं, अख्खा पावसाळा लागला. शेवटी क्यू-यू-ई, कारण जन्मदाखल्यावर आमचं नाईक पोर्तुगीज वळणाचं. बाबा 1961 च्या आधी, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना जन्मले, त्यांचं तेच त्याला लागलं. माझ्या मास्तरांनी मला 'के' दिला. बाबूच्या आधारवरही पुढे 'के'च आला.

ह्या एका अक्षराने माझे पाच महिने खाल्ले.

बाबा गेल्यावर बाबूच्या खात्यासाठी मी बँकेत गेले, तेव्हा कळलं की बाबूसारख्या बौद्धिक दिव्यांग मुलाला अठरा पूर्ण झाली की आईसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे 'फॉर्म ए' भरायचा; बहीणही अर्ज करू शकते. कोर्टात जावं लागत नाही. दिव्यांग दाखला होताच.

अडलं कागद जुळवताना, एका खिडकीवर. "आडनावं जुळत नाहीत. हा तुमचा भाऊ कशावरून?" बाबू शेजारीच उभा, माझ्यासारखंच नाक. मी प्रतिज्ञापत्र करून आणलं. त्यात फक्त बाबूची दोन नावं होती, बाबांचीही हवीत म्हणे. दुसरं केलं. तोवर चतुर्थी आली, साहेब रजेवर. नंतर खुर्चीत नवे साहेब, त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. रोज एकच शब्द: "फाल्यां." म्हणजे उद्या. म्हणून सांगते, एकाच प्रतिज्ञापत्रात घरातल्या सगळ्यांची सगळी स्पेलिंगं घाला. आणि दिव्यांग माणसाला प्रत्येक खेपेला नेऊ नका. मी मूर्खासारखी दिचोलीहून दर वेळी बसने नेलं. त्याला मात्र मजा वाटायची. फाटकावरच्या वहीत तो पाच मिनिटं लावून नाव लिहायचा आणि तिथला रखवालदार मागच्या लोकांना थांबवून धरायचा. त्या कचेरीत घाई न करणारा तेवढा एकच माणूस.

समितीसमोर दहा मिनिटंही लागली नाहीत. हो, पालक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेबही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पालकत्वाचा दाखला आला तो 'के'ने. बाबूला दाखवला. त्याने आडनावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "चूक."