तुम्ही विचारलंत म्हणून : पावसाळ्यात सिगार कसे ठेवता?

प्रश्न ठरलेला असतो. कुणाचा तरी भाऊ दुबईहून पंचवीस सिगारचा खोका घेऊन आलेला असतो, त्यातले दोन-तीन ओढून झालेले असतात, आणि मग मला फोन येतो : "बाकीचे कुठे ठेवू? लाकडी ह्युमिडॉर बघितला, पण त्याची किंमत सिगारपेक्षा जास्त. स्वस्तात काही जमेल का?"

जमेल. ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल राखणारी लाकडी पेटी, घेऊच नका. लाडू-चकल्यांसाठी आपण रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके लागणारा प्लॅस्टिकचा डबा वापरतो, तसा एक नवा डबा आणा. त्यात दमटपणा राखणारं एक पाकीट आणि हवेतली ओल मोजणारा एक छोटा डिजिटल मीटर (हायग्रोमीटर) ठेवा. एवढ्या सामानावर मी सात पावसाळे काढलेत. मी महिन्याला एकच ओढतो. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या-घशाच्या कर्करोगाचा धोका सिगारलाही आहेच. महिन्याला एकच, त्यामुळे पंचवीसचा खोका मला दोन वर्षं पुरतो, म्हणजे प्रत्येक खोक्याला निदान दोन पावसाळे पार करावे लागतात.

डब्यानं पैसे वाचतात हे खरं, पण माझा आग्रह त्यासाठी नाही. सिगार ठेवण्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. तिथे हिवाळ्यात घरं तापवतात, आतली हवा ठक्क कोरडी पडते आणि सिगार सुकून तडकतो. म्हणून त्यांचा सगळा जोर पेटीत पाणी घालण्यावर. मी ठाण्यात राहतो. जुलैत खिडकीबाहेरची आर्द्रता ८५-९० टक्के असते, चपलांना बुरशी येते, दारं फुगून चौकटीत अडकतात. लाकडी पेटीचंही तेच होतं. लाकूड फुगलं की झाकण नीट बसत नाही आणि बाहेरची ओल आत शिरते. आपलं काम त्यांच्या नेमकं उलटं आहे : पाणी आत येऊ द्यायचं नाही.

हे मला नुकसान सोसून कळलं. माझी पहिली पेटी लाकडीच होती, झाकणावर गोल काट्याचा पितळी मीटर. दुकानदारानं सांगितलं होतं, काटा सत्तरवर ठेवा, बाकी काही बघू नका. जून-जुलै काटा सत्तरवरच होता. ऑगस्टमध्ये पेटी उघडली तर नाकात ओल्या गोणपाटाचा वास भरला. अकरा सिगार होते. पेटवायच्या टोकाकडून बघितलं तर दुमडलेल्या पानांच्या मधल्या फटींमध्ये पांढरट-हिरवी लव वाढलेली. काही जण अशी बुरशी पुसून सिगार वाचवतात. आतपर्यंत गेलेली बुरशी पुसता येत नाही. मी अकराच्या अकरा टाकून दिले, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग काट्याचं काय झालं? ते मिठानं सांगितलं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. पण ते ठरावीक आकड्याला सुटतं : हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. त्यामुळे बंद जागेत ओलं मीठ ठेवलं की तिथली हवा ७५ वर येऊन थांबते. कोणताही मीटर तपासायला हे पुरेसं आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं बारीक मीठ घ्या. थेंब थेंब पाणी घालत ते ओल्या वाळूइतकंच भिजवा. पाण्याचं तळं दिसलं तर चुकलं, आणखी मीठ घाला. ते झाकण आणि मीटर शेजारी-शेजारी झिपच्या पिशवीत ठेवा, थोडी हवा आत राहू द्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. खडे मीठ मात्र नको. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्याला फार लवकर पाणी सुटतं आणि हिशेब बिघडतो.

माझा अडीचशे रुपयांचा डिजिटल मीटर त्या पिशवीत ७१ दाखवत होता. त्याच्या पाठीवर मार्करनं "+४" लिहिलं, काम झालं. मग तो पितळी मीटर तशाच पिशवीत ठेवला. सकाळी काटा ६३ वर. म्हणजे तो सत्तर दाखवत होता तेव्हा पेटीत ८२ टक्के होते.

आता डब्यात आर्द्रता किती ठेवायची? ठरीव सल्ला ७० टक्के आणि २१ अंश सेल्सिअसचा आहे. आपल्या घरात २१ अंश कुठून येणार? ३० अंशांच्या हवेत २१ अंशांच्या हवेपेक्षा दीडपटीहून जास्त बाष्प मावतं, आणि ऊब ही बुरशीच्या आवडीची गोष्ट. म्हणून मी एरवी ६५ आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ६२ ठेवतो. ६२ ला सिगार जळतोही एकसारखा, मध्येच विझत नाही.

हा आकडा पाकीट सांभाळतं. मी बोव्हेडा कंपनीची पाकिटं वापरतो. आत क्षाराचं दाट, आणखी काही विरघळणार नाही इतकं भरलेलं द्रावण असतं आणि वरच्या पापुद्र्यातून फक्त वाफ ये-जा करते. हवा कोरडी झाली की पाकीट पाणी सोडतं, दमट झाली की शोषतं. तत्त्व आपल्या मिठाचंच, आकडा निराळा. तो पाकिटावर छापलेला असतो. ६० ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारांना पुरतं. या सगळ्यात महाग तेच पडतं, आणि तिथे काटकसर करू नका. सफरचंदाची फोड, ओला स्पंज, पाण्याची वाटी, यातलं काही आपल्या हवेत डब्यात ठेवू नये. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्याही नकोत. त्या नुसतं शोषतात, थांबायचं कुठे ते त्यांना कळत नाही.

मीटर असला तरी हात लावून बघायची सवय ठेवा. माझं आजोळ निपाणीचं. मामांच्या बरोबर लहानपणी विडीच्या तंबाखूच्या शेतावर जायचो, तेव्हा ते म्हणायचे, "दव हाय तवर पाला मऊ असतोय, तवाच हात लावायचा. ऊन चढलं की चुरा होतोय." सिगारही पानाचाच आहे. मधोमध धरून अंगठ्यानं हलकेच दाबा आणि सोडा. दबून हळूहळू पूर्ववत झाला तर ठीक. कानाजवळ नेऊन दाबल्यावर पापडासारखा आवाज आला तर सुकलाय. दाबलेली जागा खोल राहिली तर ओल जास्त आहे. सुकलेला सिगार घाईनं भिजवलात तर आतली पानं फुगून वरचं पान फाटतं. त्याला तीन-चार आठवडे द्या, आधी ६२ च्या पाकिटासोबत, मग ६५ च्या.

बुरशीइतकाच दुसरा शत्रू किडा. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, आणि तुमच्या ओळखीचा : हळकुंडांत, धण्यांत, लाल मिरचीत जो होतो, तोच. तंबाखूत त्याची अंडी आधीपासून असू शकतात आणि साधारण २५ अंशांच्या वर ती उबायला लागतात. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बाराही महिने. टाचणीनं टोचल्यासारखं भोक आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुकटी दिसली की समजायचं. नवा खोका आला की मी सिगार दोन झिप पिशव्यांत घालून एक दिवस फ्रीजमध्ये, चार दिवस फ्रीजरमध्ये आणि पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये ठेवतो. नंतर पिशवी बाहेर काढून तिचा गारवा पूर्ण जाईपर्यंत उघडत नाही, नाहीतर गार पानावर पाणी धरतं. फ्रीजमध्ये कायमचे मात्र ठेवू नका. तिथली हवा कोरडी असते आणि तंबाखू शेजारच्या डब्याचा वास उचलते.

वासाचं फार सांभाळावं लागतं. नवा डबा गरम पाण्यानं धुऊन, झाकण उघडं ठेवून दोन-तीन दिवस वारा द्या. नाक घातल्यावर काहीच आलं नाही पाहिजे. मसाल्याचं कपाट नको, डांबराच्या गोळ्यांचं तर नकोच. सिगारच्या खोक्यात तांबूस लाकडाच्या पातळ चकत्या असतात, त्या टाकू नका, डब्यात राहू द्या. त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. ते झाड अमेरिका खंडातलं, महोगनीच्या कुळातलं, आपल्या तूण वृक्षाचं नातेवाईक. त्याऐवजी देवदार घालू नका, त्याचा उग्र वास पानात मुरतो.

डबा ठेवायचा तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात, आतल्या भिंतीला. माळ्यावर कधीच नाही, मे महिन्यात स्लॅबखाली भट्टी असते. मी डबा मासळीच्या थर्माकोलच्या नव्या खोक्यात ठेवतो, त्यानं दिवसरात्रीचा चढउतार कमी होतो. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात उलटा प्रश्न असतो, हवा इतकी कोरडी की लाकडी पेटी पाणी गमावत राहते. तिथेही घट्ट डबाच बरा, फक्त पाकीट लवकर बदलावं लागेल.

आठवड्यातून एकदा झाकण उघडून दोन मिनिटं हवा द्या, पाऊस कोसळत असेल त्या दिवशी नको. तेव्हा पाकीटही हातात घेऊन बघा. मऊ लागलं तर चालू आहे. उशीसारखं टच्च फुगलं असेल तर ओल कुठून तरी आत येतेय, डब्याची रबरी कड तपासा. आणि आत खडे होऊन कडक झालं, की नवं टाका.