फंडीचा किनारा आणि आमचं चाकावरचं बिऱ्हाड

टोरांटोहून निघून आज सहावा दिवस. आरव्ही (म्हणजे आमची राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यू ब्रुन्सविक प्रांतातल्या फंडी नॅशनल पार्कात, हेडक्वार्टर्स कॅम्पग्राउंडवर लावलीय. कालच्या खासगी कॅम्पग्राउंडला माझे पाचपैकी दोनच मार्क. जागा इतकी चिंचोळी की शेजाऱ्यांचं घोरणं आमच्या अंथरुणात! शिवाय मी कुकर लावला आणि यांनी त्याच वेळी एसी, वीज गुल. (चूक आमचीच, पण मार्क कापले ते कापलेच.)

इथे मात्र हिरवळ, मोकळी हवा आणि समोर फंडीचा उपसागर. सकाळी खाली आल्मा गावात गेलो तर धक्क्याजवळच्या मासेमारी बोटी चक्क चिखलात बसलेल्या. सहा तासांनी परत गेलो, त्याच बोटी पाण्यावर डुलत होत्या. या उपसागराच्या टोकाशी भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, जगात सर्वांत जास्त. गणपतीपुळ्याला लहानपणी भरतीच्या वेळा आजोबा तिथीवरून सांगायचे, इथे पार्कात तक्ता लावलेला असतो. उद्या होपवेल रॉक्सला, म्हणजे ओहोटीला ज्यांच्या पायथ्याशी चालता येतं त्या समुद्रातल्या उंच खडकांकडे जायचंय, तेही तक्ता बघूनच.

एक सांगते, सरपण घरून आणू नका. लाकडातून किडी पसरतात म्हणून बाहेरचं चालत नाही, इथलंच विकत घ्यायचं. आमचं जरा ओलं निघालं. धुराने डोळे चुरचुरतायत, पण निखाऱ्यावर कणसं भाजून झाली. तिखटमीठ होतं, लिंबू मात्र राहिलं घरी.

सांडपाण्याची टाकी रिकामी करायची पाळी उद्या यांची. मी आधीच झोपायला चाललेय.