एनसीव्ही करायची आहे? आधी हात शेकून जा

रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. घरच्यांचं एकच, मानेचं दुखणं आहे, एमआरआय काढ. न्यूरॉलॉजिस्टनी मात्र कापसाचा बोळा अनामिकेच्या दोन्ही कडांवरून फिरवला. अंगठ्याकडची कड बधिर, करंगळीकडची शाबूत. एकाच बोटाची अशी वाटणी असेल तर दोष बहुधा मानेत नसतो, मनगटातून जाणाऱ्या मीडियन नसेत असतो, म्हणाले. एमआरआय टळला, एनसीव्ही, म्हणजे नसेतल्या सिग्नलचा वेग मोजायची तपासणी, लिहून मिळाली.

आणि तिथे अडकले. खिडकीवर पैसे घेतले आणि "साडेदहाला या" एवढंच सांगितलं. मी भर पावसात स्कूटरवरून पोचले. हॉलमध्ये एसी असा, की बायका पदर लपेटून बसलेल्या. बाराच्या पुढे कधीतरी नंबर लागला. टेक्निशियन मुलीने हाताला तापमानाचा सेन्सर लावला नि म्हणाली, "ताई, हात फार गार आहे. बत्तीस डिग्री तरी पाहिजे. बाहेर बसा, गरम झाला की या."

बाहेर म्हणजे त्याच हॉलमध्ये! एसी कमी करा म्हटलं तर "सेंट्रल आहे, आमच्या हातात नाही." गरम पाणी मिळेल का? "कँटीनला विचारा." शेवटी जिन्यात उभं राहून चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. परत आले तोवर नंबर पुढे गेलेला, मग त्यांचं जेवण. त्या मुलीवर राग नाही, तिचं बरोबरच होतं. हात गारठला की नसेतला सिग्नल मंदावतो, अंशामागे वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने घसरतो. म्हणजे धडधाकट नसही कागदावर आजारी ठरायची. पण "हात गरम ठेवून या" ही एक ओळ पावतीवर छापायला काय जातं?

हो, त्या दिवशी हाताला तेल-क्रीम लावू नका, अंगठ्या-बांगड्या घरीच काढा. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

खुद्द तपासणीत काही नाही. बोटाला कड्या अडकवून बारीक शॉक देतात आणि तो मनगटापाशी कधी पोचला ते मशीन टिपतं. करंगळीचा वेग सेकंदाला 54 मीटर, मधल्या बोटाचा, म्हणजे मीडियन नसेचा, 36. निरोगी हातात पन्नासच्या वर असतो.

डॉक्टरांनी केस पेपरच्या मागे पुढचा रस्ता काढून दाखवला. बोटाच्या टोकापासून निघालेला स्पर्शाचा तंतू मानेजवळ मज्जारज्जूत शिरतो आणि न तुटता थेट मेंदूच्या देठापर्यंत जातो. तिथे दुसरी पेशी तो निरोप उचलून बाजू बदलते, मग थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या आतलं ठाणं, मग कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर. उजव्या हाताची खबर डाव्या मेंदूला. माझी अडचण या रस्त्याच्या पहिल्या वीतभरातच होती! रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधते, झोप लागते.

रिपोर्ट चांगला येऊनही आग होत असेल तर गप्प बसू नका. दुखणं आणि जळजळ नेणारे बारीक तंतू या तपासणीत दिसतच नाहीत. आणि रिपोर्ट हातात पडल्यावर त्यावर हाताचं तापमान लिहिलंय का ते खिडकी सोडण्याआधी बघा, नसेल तर लिहून मागा.