आमची वाटचाल: दांडिया बाजार ते मकरपुरा

वडिलांनी 1979 साली बडोद्यात दांडिया बाजारच्या एका बोळात गॅरेज टाकलं. हाताशी कलाभवनाच्या आवारात घेतलेलं शिक्षण, एक भागीदार, आणि व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाच्या पान्यांचा संच. भागीदाराला सगळे उस्ताद म्हणत. मीही उस्तादच म्हणायचो. पाने अजून आहेत. हिरव्या बनातीत गुंडाळून ठेवतो, आणि दर दसऱ्याला हळदकुंकू आधी त्यांना, मग कॉम्प्रेसरला.

फियाट, अँबॅसडर, जावा सगळं केलं. 1994 ला मकरपुरा जी.आय.डी.सी.त, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शेड घेतली. पुढची पंधरा वर्षं बरी गेली. पोरांची शिक्षणं झाली, बँकेचं कर्ज फिटलं. खरी परीक्षा 2011 मध्ये झाली, आणि ती एका एम.जी. टी.डी.मुळे.

टी.डी. म्हणजे इंग्लंडची जुनी, दोघांसाठीची उघडी स्पोर्ट्स गाडी. 1949 ते 1953, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून 29,664 गाड्या निघाल्या. 1250 सी.सी.चं एक्स्पॅग नावाचं इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एस.यू. कार्बोरेटर. या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची. कारण मॉरिसने कॉव्हेंट्रीतला जो इंजिन कारखाना विकत घेतला तो हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. यंत्रं फ्रेंच मापाची, पाने इंग्रज कामगारांचे. मेट्रिक पाना लावून डोकी गोल केलेली किती इंजिनं आमच्याकडे आली असतील! वडिलांचा संच अशा वेळी बाहेर निघायचा.

ही गाडी भरूचजवळच्या एका वाड्यातून घेतली. मरून रंग, लाकडी फ्रेम शाबूत, चेसिसचा नंबर जुळत होता. बोनेट उघडलं आणि उस्ताद गप्प झाले. एस.यू.ची जोडी गायब. पाइप कापून वेल्डिंग केलेला मॅनिफोल्ड (सिलिंडरांना मिश्रण नेणारी फाटेदार नळी) आणि त्यावर अँबॅसडरचा एकच सोलेक्स कार्बोरेटर. मागे इंजेक्शनवाल्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप. त्याचा दाब तीन बारच्या आसपास, आणि कार्बोरेटरच्या फ्लोटला, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डब्याला, पाव बारही जड जातो. म्हणून कोणीतरी टाकीकडे परतीची नळी टाकून तिच्यावर पितळी नळ बसवला होता, पाण्याच्या टाकीला असतो तसा. नळ किती फिरवायचा त्याची खूण नेलपॉलिशने केलेली. गाडी सुरू व्हायची, पण स्पार्क प्लग काढले तर पहिला आणि चौथा पांढरा, मधले दोन काळे. एकाच तोंडातून चार सिलिंडर पोसले की कडेचे उपाशी राहतात, मधल्यांना जास्त जातं. पांढरा प्लग म्हणजे पिस्टन जळायची तयारी.

तरी घेतली. माझा हिशेब असा होता की एस.यू. एच-2 कार्बोरेटरची जोडी मागवू, महिन्याभरात काम संपेल. इथेच चुकलो, म्हणून जुनी गाडी बघायला निघालेल्या प्रत्येकाला सांगतो: मूळ इंधनव्यवस्था काढलेली असेल तर फक्त कार्बोरेटरची किंमत वजा करून भाव करू नका. त्यांच्याबरोबर मॅनिफोल्ड जातो, थ्रॉटलचा दांडा जातो, चोकची केबल, फ्लोटच्या वाट्या, एअर क्लीनर, पंप, पंपाची पट्टी, सगळं जातं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, काढलेलं सामान कुठे आहे? माळ्यावर आहे म्हणाला तर शिडी मागवा आणि स्वतः चढा. आम्ही विचारलं होतं. "भंगारात गेलं," असं उत्तर मिळालं, आणि आम्ही मान डोलावली.

गाडीला गिऱ्हाईक लगेच मिळालं, आमचे डॉक्टरसाहेब. रावपुऱ्यात दवाखाना, आमच्याकडे 1983 पासून. त्यांची फियाट माझ्या वडिलांशिवाय कोणी उघडली नव्हती. गाडीवर काय मूळ आहे आणि काय नाही ते मी त्यांना तोंडी सगळं सांगितलं. त्यांनी निम्मे पैसे आगाऊ दिले, त्यातून सामान मागवलं.

मग शहरातल्या दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने, नाव घेत नाही, एका रॅलीत दहा जणांसमोर डॉक्टरसाहेबांना सांगितलं की मूळ एस.यू. गाडीवरच होते, आम्ही ते काढून विकले आणि आता तेच नवे म्हणून त्यांच्याकडून पुन्हा पैसे घेणार. आठ दिवसांत तीन गाड्या परत गेल्या. एक तर अर्धी उघडलेली, टेम्पोत घालून नेली. डॉक्टरसाहेबांचा दुसरा चेक आला नाही. दोन पोरं पगाराविना घरी बसवली. बायकोने बांगड्या गहाण ठेवायला काढल्या. ती रात्र मी विसरणार नाही, आणि तो माणूसही.

पुरावा काय देणार? दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड वडील भरायचे, गिऱ्हाइकाची सही घेऊन. ही गाडी आम्हीच विकत घेतलेली, म्हणून कार्ड भरलंच नाही. फोटोही नाही. आज आमच्याकडे गाडी गेटातून आत यायच्या आधी तिचे चाळीस फोटो निघतात, आमची स्वतःची असली तरी.

महिन्याने एका रविवारी सकाळी डॉक्टरसाहेब स्वतः शेडवर आले. म्हणाले, "तुझे वडील माझ्याशी तीस वर्षांत एकदा खोटं बोलले नाहीत. चल, गाडीत बस." मी, उस्ताद आणि ते, तिघे भरूचला. त्या वाड्यावर गाडी सांभाळायला जे एक म्हातारे मिस्त्री होते त्यांचं घर डॉक्टरसाहेबांनी विचारत विचारत शोधलं. मिस्त्रींनी खाटेखालून तांदळाचं पोतं ओढलं. आत दोन एस.यू. बॉडी, मूळ मॅनिफोल्ड, टिकटिक करणारा मूळ पंप. एका डॅशपॉटला, म्हणजे कार्बोरेटरचा पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या टोपीला, पोचा पडलेला. म्हणाले, मीच काढले होते, शेठना ट्यूनिंगची कटकट नको होती. भंगारात द्यायला सांगितलं, पण माझा हात होईना.

उस्तादांनी तिथेच ओसरीवर बसून पिस्टन पुसला, डॅशपॉटमध्ये घातला, बोटाने उचलून सोडला. खाली टेकताना ठक्क आवाज आला. तो आवाज आला म्हणजे पिस्टन कुठे घासत नाही. दुसरा, पोचा पडलेला, मध्येच अडकला. डॅशपॉट आणि पिस्टन जोडीनेच बनतात. याचा पिस्टन त्याच्यात घालायचा नसतो. उस्तादांनी तो पोचा लाकडी साचा करून सहा दिवसांत काढला, कागदाइतका घासत घासत. शेवटी कानाला रबरी नळी लावून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडांचा श्वास, म्हणजे आत जाणारी हवा, जुळवला. व्हॅक्यूम गेज आम्हीही नंतर घेतलं, पण आधी कानाने जुळवायला शिका.

डॉक्टरसाहेबांनी उरलेले पैसे त्या संध्याकाळीच दिले, आणि पुढच्या रॅलीत बोनेट उघडं ठेवून गाडी उभी केली. ज्याने डाग लावला तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. माफी आजतागायत नाही. परत गेलेल्या तीनपैकी एकच गाडी पुन्हा आली.

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचा पूर आला, शेडमध्ये कमरेइतकं पाणी. चार महिने गेले, पण निभावलं.

आता नवी चिंता पेट्रोलची. ई-20 मध्ये वीस टक्के इथेनॉल. एक भाग साधं पेट्रोल जळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला 9. म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजणाऱ्या जुन्या नीडलवर गाडी आपोआप लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते आणि प्लग पुन्हा पांढरा. एक पायरी जाड मिश्रणाची नीडल बसवून घ्या. एच-2 च्या जेटखाली (पेट्रोल सोडणाऱ्या नळीखाली) बुचाची सीलं असतात, ती आणि जुनी रबरी नळी इथेनॉल खातं. इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉन रबराचं सामान लावा. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका, आधी नळी बघा. आणि पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनी विंटेज गाड्यांच्या 'व्ही.ए.' मालिकेचा नंबर घ्यायचा असेल तर चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नको, हे गाडी घेतानाच लक्षात ठेवा.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर देशभरातल्या जुन्या गाड्यांची स्पर्धा भरली, तेव्हा मी उस्तादांना घेऊन गेलो होतो. लोक रंग बघत होते, उस्ताद उघडी बोनेटं शोधत होते. त्यानंतर वर्षभराने ते गेले.

तो अँबॅसडरचा सोलेक्स, वेल्डिंगचा मॅनिफोल्ड आणि नेलपॉलिशची खूण असलेला पितळी नळ आमच्या ऑफिसात फळीवर आहे. सुतळीने चिठ्ठी बांधली आहे: "हे सामान गाडी घेतली तेव्हा तिच्यावर होतं." खाली डॉक्टरसाहेबांची सही आणि दवाखान्याचा शिक्का.